बरणीचं बूच

मलकापूरच्या एका धर्मादाय दवाखान्यात रहेमतुल्ला कंपाउंडर होता. सदतीस साली तिथल्या मोठ्या डॉक्टरांच्या हातून रेडियमची काचनळी फुटली. कर्करोगाच्या रोग्यासाठी ती मुंबईहून आणली होती. नळीतली भुकटी लागलेला कापूस, पट्ट्या, रबरी नळी, सगळं डॉक्टरांनी ओलंच एका बरणीत कोंबलं, रबरी बूच मेणानं बंद केलं आणि बरणी शिशाच्या पेटीत घालून मागच्या कोठीत ठेवली.

"हे जाळायचं नाही, पुरायचं नाही," ते रहेमतुल्लाला म्हणाले. "मुंबईचा माणूस येऊन घेऊन जाईल."

पुढे डॉक्टर लढाईवर गेले ते परतलेच नाहीत. मुंबईचा माणूसही आला नाही.

वर्षातून एकदा रहेमतुल्ला पेटी उघडून बघायचा. आधी काच जांभळट झाली. मग कापूस पिवळा पडला, तपकिरी झाला, त्याचा चुरा तळाशी बसू लागला. ओलीत बारीक बुडबुडे दिसायचे. बूच शिळ्या भाकरीसारखं कडक होऊन तडकलं होतं आणि दरवेळी थोडं वर सरकलेलं असायचं. तो पुन्हा मेण ओतायचा. दुसरं काय करणार?

त्यानं वर अर्ज केले. एकदा उत्तर आलं, अशी वस्तू यादीत नाही. दुसऱ्यांदा आलं, रेल्वेनं पाठवा. स्टेशनमास्तर शेषरावांनी पेटीत काय आहे ते ऐकलं आणि टाक खाली ठेवला. "हे नाई घेता येत मले," ते म्हणाले. नवे डॉक्टर तर हसलेच. "सहा वर्षांचा जुना कापूस. त्याला काय होणार?"

त्रेचाळीसच्या उन्हाळ्यात, भर दुपारी, दवाखान्यातली आया वच्छलाबाई कोठीतून बाहेर आली. गारव्याला म्हणून ती तिथंच पट्ट्या गुंडाळत बसायची. रहेमतुल्लानं बसू नको म्हणून दोनदा सांगूनही.

"कंपाउंडरसायेब, त्या पेटीत फाटकन वाजलं. झाकण काढलं तं बूच उडेल होतं, बरणी फुटेल होती, सारा चुरा सांडेल होता. म्या पुसून काढलं."

"कायनं पुसलं?"

"पदरानं. फडकं नोयतं जवळ."

पदर तपकिरी झाला होता. थोडं गालालाही लागलं होतं. त्यानं तिला न्हायला लावलं आणि घरून अख्तरीची, आपल्या बायकोची, निळी साडी आणून दिली. लुगडं, फुटकी बरणी, उरलासुरला चुरा त्यानं लोणच्याच्या मोठ्या मर्तबानात भरला.

"माह्यं लुगडं कधी देसान?"

"नाई देता येत, वच्छलाबाई."

"मी धुतो ना. डाग निंघून जाते."

"डाग नाई तो. जहर हाय."

"मले तं काईच नाई झालं," ती म्हणाली, आणि त्याच्याकडे अशी पाहत राहिली, जणू आता हाच काही सांगेल.

मेण पातळ करून तो मर्तबानाजवळ उभा राहिला. तोंड घट्ट बंद करावं तर आत पुन्हा वायू कोंडणार. सैल ठेवावं तर चुरा हवेला लागणार. मेण थिजलं. त्यानं ते पुन्हा तापवलं, आणि शेवटी घट्टच बंद केलं.

दिवाळीच्या सुमाराला वच्छलाबाईला खोकला लागला. नवे डॉक्टर म्हणाले, हवा बदलली की सगळ्यांनाच लागतो. तसंही असेल. रहेमतुल्ला रोज सकाळी तिची औषधाची बाटली भरायचा, आणि ती निळ्या पदरानं तोंड पुसून ते औषध त्याच्यासमोरच प्यायची.