समोरून काढलेला फोटो

तिरळेपणाच्या शस्त्रक्रियेला सहा आठवडे झाले होते आणि आधी कायम कानाकडे पळणारा आईचा डावा डोळा आता जागेवर राहत होता. त्या शनिवारी ती मला ओढतच आरेकिपा शहराच्या बाजारातल्या फोटोवाल्याकडे घेऊन गेली.

"अगं, हळू चाल."

"साठ वर्षं थांबलेय. आता तूच पाय उचल."

तिचा डोळा लपवायच्या जुन्या सवयीने फोटोवाला म्हणाला, "दोमितिलाबाई, मान जरा वळवा."

"अजिबात नाही. आज दोन्ही डोळे तुझ्यावर आहेत, जपून राहा."

तिघेही हसलो.

रविवारी पहाटे तिचं हृदय थांबलं.

फोटो आणून मी तिच्या शवपेटीपाशी ठेवला. "आई," मी मोठ्याने म्हणाले, "माझ्या पंधराव्या वाढदिवसाच्या फोटोत तुला मावश्यांच्या मागे उभं करायला फोटोवाल्याला मीच सांगितलं होतं. मला तुझ्या डोळ्याची लाज वाटायची."