डुगडुगतं स्टूल

घरात तिला सगळे ‘वायर’ म्हणत. ती जिथे बसे तिथे वायरींचा गुंता होई आणि आईचा पाय दिवसातून एकदा तरी त्यात अडके. “एक दिवस मी सपशेल आडवी होणार आणि ही बया त्याचंही गाणं करणार,” असं आई म्हणे. यात खोटं काही नव्हतं. कुलपाची खटखट, मिक्सरची घरघर, मावशीची शिंक, वायरने काही म्हणता काही सोडलं नव्हतं. सगळं कॉम्प्युटरमध्ये कोंबायचं आणि त्यावर गिटार घेऊन गायचं, हा तिचा उद्योग.

पण या उद्योगाला वाली नव्हता. गिटारवाले विचारत, “ते मशीन कशाला?” मशीनवाले विचारत, “ती गिटार कशाला?” हॉटेलात गायला बसली की जेवणारे तोंडात घास ठेवून जुन्या गाण्यांच्या फर्माइशी करत. शेवटी पोटासाठी तिने जाहिरातींच्या स्टुडिओत टूथपेस्टची गाणी रचली आणि एक दिवस दातांचा इतका वीट आला की राजीनामा देऊन मोकळी झाली. साहेब भला माणूस. “जागा सोमवारपर्यंत धरून ठेवतो, मग माझा नाइलाज आहे,” म्हणाला.

त्यामुळे शनिवारच्या कार्यक्रमावर सगळं येऊन ठेपलं. जुन्या गोदामाचा एक छोटा हॉल होता आणि त्याच्या मालकीणबाई दरवर्षी गाणं ऐकून एकाच कलाकाराला वर्षभर दर शनिवारची संध्याकाळ देत असत. वर्षभर आपली गाणी, आपले श्रोते! ते मिळालं तर वायर गाणारी, नाहीतर पुन्हा टूथपेस्ट. मालकीणबाईंचा नियम मात्र कडक होता. घरून तयार करून आणलेलं काही चालणार नाही, जे करायचं ते लोकांसमोर. मागे एका गायकाने नुसते ओठ हलवून त्यांना बनवलं होतं. तेव्हापासून दुधाने तोंड पोळल्यासारख्या त्या प्रत्येकाकडे संशयाने पाहत.

वायरला नियमाची भीती नव्हती. तिच्या पायाशी एक यंत्र असे. बटण दाबलं की माइकमध्ये जाईल ते टिपून घ्यायचं, पुन्हा दाबलं की तेच परत परत वाजवत बसायचं. असे आवाजावर आवाज चढवत ती गाणं उभं करी. भीती होती ती स्वतःची. पहिलाच आवाज बिघडला की पुढचं सगळं बिघडलं.

शनिवारी हॉल भरला. पहिल्या रांगेत मावशी, आई आणि बाबा. बाबा सुतार. वायर स्टूलवर बसली, माइक छातीपाशी ओढला आणि त्याच क्षणी बाबांच्या कपाळाला आठी पडली. स्टूल डुगडुगत होतं. एक पाय आखूड! भर सभेत! आईने कोपराने ढोसलं, “अहो, गप बसा.” पण डुगडुगतं स्टूल बघून गप बसेल तो सुतार कसला?

वायरने डोळे मिटले, पायाने बटण दाबलं आणि गिटारला हात घालणार तोच बाबा वाकून स्टेजवर आले. त्यांनी खिशातून पुठ्ठ्याचा तुकडा काढला, घडी करून पायाखाली सारला, बोटांनी स्टूलवर दोनदा ठोकलं आणि म्हणाले, “हं, आता हलायचं नाही.” ते स्टूलला म्हणाले. काम करताना ते लाकडाशी बोलत आणि आपण बोललो हे त्यांच्या गावीही नसे. घाबरून वायरचा पाय पुन्हा बटणावर पडला.

टक् टक्. हं, आता हलायचं नाही. टक् टक्. हं, आता हलायचं नाही.

हॉल खो खो हसू लागला. बाबा निवांत जागेवर जाऊन बसले. वायरचे कान तापले. पुसून टाकावं? पाय बटणावर गेलाही. पण ती टकटक अशी काही ठेक्यात बसली होती की हात आपोआप गिटारवर गेला. मग तिने घरी घोकलेलं गाणं दिलं सोडून आणि तिथल्या तिथे सुचेल ते गाऊ लागली. दर वळणावर यंत्रातून बाबांचा आवाज येई आणि त्याच्या मागोमाग अख्खा हॉल ओरडे, “हलायचं नाही!” इतकी मोकळी ती आयुष्यात गायली नव्हती.

संपल्यावर मालकीणबाई आल्या त्या हाताची घडी घालून.

“गाणं फक्कड. पण तो माणूस ठरवून आणलास. नियम म्हणजे नियम.”

“नाही हो, देवाशपथ! ते माझे बाबा.”

“मग तर ठरवलेलंच.”

आता वायरने पुरावा आणायचा कुठून? तेवढ्यात स्टूल उलटं धरून बाबाच आले.

“बाई, हे मी नेतो, नीट करून आणून देतो. आणि एक सांगू का? राग मानू नका. तो कोण मेला मधे मधे दटावत होता? पोरगी जीव तोडून गातेय आणि हा आपला, हलायचं नाही, हलायचं नाही! कुणी हटकलंसुद्धा नाही त्याला.”

मालकीणबाईंनी बाबांकडे निरखून पाहिलं. या चेहऱ्याला नाटक जमणं शक्य नव्हतं. त्यांची हाताची घडी सुटली आणि त्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

“पुढच्या शनिवारपासून ये गं,” त्या म्हणाल्या.

वायरने स्टूलसकट बाबांना मिठी मारली. “बाबा, त्या माणसामुळेच जमलं सगळं.”

“असेल बाई,” बाबा म्हणाले, “पण आवाज काय फाटका! तू कुणावर गेलीस देव जाणे.”