तारेजवळची कांद्याची चाळ

अंजलीने सुनीलचा फोटो पुढे केला, तेव्हा चहावाल्याने आधी रस्त्याकडे पाहिलं. तिथे सीमेवरचा जवान उभा होता. सकाळपासून त्याने दोनदा अंजलीची आणि तिच्या दिराची आधारकार्डं तपासली होती. चहावाल्याने नुसती नकारार्थी मान हलवली आणि तो पेले विसळू लागला.

नामपूरहून कांद्याचा ट्रक घेऊन तिचा नवरा बंगालमधल्या या टोकाच्या गावापर्यंत आला होता, एवढं पक्कं. ट्रक इथेच रिकामा सापडला. त्याला दोन वर्षं झाली. आता भाऊबंद म्हणत होते, येत्या आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, पितरांबरोबर सुनीलचीही घागर भरा आणि मोकळे व्हा. अंजलीने साफ नकार दिला. डोळ्यांनी खात्री केल्याशिवाय ती नवऱ्याला पितरांत बसवणार नव्हती. म्हणून धाकटा दीर योगेश नाइलाजाने तिच्याबरोबर आला होता.

गाव ते केवढं! एक बाजार, एक तळं आणि गल्ली संपली की तारेचं कुंपण. पलीकडे बांगलादेश. संध्याकाळच्या गाडीने परत फिरू, असं योगेश तिसऱ्यांदा म्हणाला.

कुंपणाजवळच्या शेवटच्या घरापाशी अंजली थबकली. अंगणात कांदे साठवायची चाळ होती. इथले लोक कांद्याच्या जुड्या बांधून आढ्याला टांगतात, हे ती दोन दिवस पाहत होती. ही मात्र थेट त्यांच्या बागलाणातली चाळ, जमिनीपासून उंच, बांबूच्या पट्ट्यांची. वर पाचटाऐवजी भाताचा पेंढा होता, एवढाच फरक. तळाच्या फटी नको तेवढ्या मोठ्या, आणि त्यांतून कांदे गळू नयेत म्हणून खाली गोणपाट बांधलेलं. या चुकीवरून सासरे सुनीलला दरवर्षी बोलत.

 तिला आनंद झाला आणि त्याच्या पाठोपाठ संतापही आला.

घरातून तिशीची एक बाई बाहेर आली. अंजलीने फोटो पिशवीत सरकवला आणि मोडक्या हिंदीत विचारलं, चाळ कुणी बांधली. बाईने कौतुकाने सांगितलं, घरवाल्याने. तो बाजारात गेला होता, येईलच एवढ्यात. बसा म्हणाली आणि पाणी आणायला वळली.

योगेशचा चेहरा उतरला होता. आईला कळवायला त्याने फोन काढला, तसा अंजलीने त्याचा हात धरला आणि ती अहिराणीत म्हणाली,

"आते नका सांगू, भाऊ. जित्ता शे ना? पहिले मी त्याले देखसू."

पाण्याचा पेला घेऊन आलेली बाई दारातच थांबली. तिने अंजलीकडे नीट पाहिलं. तिच्या गळ्यातलं मंगळसूत्र पाहिलं.

"ये बोली वो बुखार में बोलता है," ती सावकाश म्हणाली. "आप कौन?"

अंजलीने पिशवीतून फोटो काढून तिच्या हातात दिला. बाईने फोटो उजेडाकडे धरला.

"उसने बोला था, घर में कोई नहीं बचा. सब मर गए."

अंजलीने तिच्या हातातला पेला घेतला. पाणी संपवलं. मग ओट्यावर, रस्त्याकडे तोंड करून बसली. थोड्या वेळाने ती बाईही येऊन तिच्या शेजारी बसली.