शिक्क्यावरचं कुंकू

मी एक गुणपत्रिका बोलतेय. घाबरत बोलतेय, कारण मी खरी आहे यावर आता कोण विश्वास ठेवील, सांगता येत नाही.

जन्म युगांडाच्या राजधानीतला, कंपालात, टेकडीवरच्या एका खासगी विद्यापीठात. वीज गेली होती, जनरेटरवर छापलं मला. रजिस्ट्रारबाईंनी निळा शिक्का मारला आणि ऋग्वेदा या विद्यार्थिनीला बजावलं, "मूळ प्रत एकच मिळते." दोन वर्षांचे तिचे गुण माझ्या अंगावर आहेत. तिसरं वर्ष झालंच नाही. तिच्या बाबांना, मकरंदना, न्यूझीलंडमध्ये नोकरी लागली. "तिकडे गेल्यावर बघू," म्हणाले. तिकडे म्हणजे हॅमिल्टनला, रोटोटुना या उपनगरात. चार वर्षं कोणी काही बघितलं नाही. ती गोदामात खोकी भरत राहिली, मी ड्रॉवरमध्ये जुन्या चार्जरांखाली. मंडळाच्या गणपतीत मात्र बाबा खुशाल सांगायचे, "मुलगी ग्रॅज्युएट आहे."

यंदा तिने स्वतःच कॉलेज शोधलं. शुक्रवारपर्यंत मूळ प्रत दाखवली तर दोन वर्षं माफ, नाहीतर पहिल्यापासून.

गुरुवारी सकाळी, पुण्याहून राहायला आलेल्या आजोबांनी मला देवापुढे ठेवलं आणि ओलं कुंकू लावलं. नेमकं शिक्क्यावर. बाबांनी ते ओल्या वाइपने पुसलं. शिक्क्याचा चिखल झाला.

"आजोबा, विचारायचं तरी," ऋग्वेदा म्हणाली.

"शुभ कामाला काय विचारायचं, बाळ?"

बाबांनी निळं पेन काढलं. "जरा गिरवतो. कोण बघतंय एवढं?"

पेनाचं टोक माझ्यावर आलं. एक रेघ, की मी जन्मभराची खोटी. मला ओरडताही येत नाही.

ऋग्वेदाने पेन हिसकावलं. "बाबा, डोन्ट. इतकी वर्षं तुम्ही खोटं बोललात. आता हिलाही बोलायला लावताय?"

आजोबा ताम्हनात बघत बसले.

कॉलेजातल्या बाईंनी 'किया ओरा' असा माओरी नमस्कार करत मला हातात घेतलं, उजेडात धरलं, डाग नखाने खरवडला. ऋग्वेदाने घडलं तसं सांगितलं. बाई हसल्या नाहीत. त्यांनी कंपालाला मेल केला: हा कागद तुमचाच ना?

अकरा दिवस झाले. मी त्यांच्या फाइलीत आहे. ऋग्वेदाचा रोज फोन येतो. "नॉट येट, लव्ह," बाई म्हणतात. उत्तर 'नाही' आलं, तर ती पुन्हा पहिल्या वर्षाला बसायची नाही. तिला मी ओळखते.

वडीलधाऱ्यांनो, पोरांच्या कागदांना हात लावण्याआधी पोरांना विचारा. आणि कंपालात जो कोणी तो मेल उघडेल, त्याने फार काही लिहू नये. एवढंच लिहावं: ही आमची आहे.