नागूबाईंचा निळा जाळ

नागूबाईंनी काडी ओढून शेगडीजवळ नेली, तेव्हा जेवायला बसलेले हमाल आपापली ताटं उचलून बाहेर रस्त्यावर जाऊन उभे राहिले. बसप्पा तर आमटी सांडत थेट समोरच्या लिंबाखाली गेला. शेगडी आधी नुसतीच फुसफुसली. मग भक्‌ आवाज झाला आणि निळा जाळ गोल उमलून गुपचूप जळू लागला. धूर नाही, वास नाही. नागूबाईंची सून शिवानी चौकट घट्ट धरून उभी होती. तिनं एक डोळा उघडून पाहिलं.

"या आत," नागूबाई म्हणाल्या. "कुनी मेलं न्हाय."

हमाल हसत आत आले, पण त्या जाळावरची पहिली भाकरी कुणी ताटात घेईना. बसप्पा म्हणाला, आज भूक जरा कमीच आहे. शेवटी नागूबाईंनी ती स्वतःच उभ्याउभ्या खाल्ली. भाकरी एका बाजूनं करपली होती आणि दुसरीकडून कच्ची होती. चुलीचा जाळ कधी मागं ओढायचा, कधी पुढं सारायचा, हे त्यांच्या हाताला पाठ होतं. या शेगडीला नुसती एक चावी होती.

मुरुम गावच्या मोंढ्यासमोर, धान्याच्या बाजारासमोर, त्यांची खानावळ होती. नवरा गुरुलिंग गेला तेव्हा मुलगा कुमार शाळेत होता. त्याआधीही आणि त्यानंतरही चूल एक दिवस थंड राहिली नव्हती. बाभळीची लाकडं, तुराट्या, पावसाळ्यात ओली फाटी, जे मिळेल ते जाळत त्यांनी मोंढ्याला जेवू घातलं. ज्वारीची भाकरी, तुरीची आमटी, शेंगांची चटणी, आणि सणावाराला हुग्गी, गव्हाची गुळातली खीर. आता कुमार टेम्पो चालवायचा आणि खानावळ सासूसुना बघायच्या. भिंती काळ्या झाल्या होत्या, पत्रे काळे झाले होते. नागूबाईंचा सकाळचा खोकला तर मोंढ्यात एवढा ओळखीचा झाला होता, की तो ऐकून हमाल म्हणत, चला, चूल पेटली.

गॅसची गोष्ट अस्मितानं आणली. ती कळंबची, नगरपरिषदेत इंजिनिअर होती आणि स्कुटीवरून गावभर फिरायची. आपल्या गावातून हवेत जाणारा धूर आणि वायू कमी करायचा, असं गावानं ठरवलं होतं. रस्त्यावरचे दिवे बदलले होते, पाणीपुरवठ्याच्या मोटारींना सौरपत्रे बसले होते. आता पाळी कचऱ्याची होती. भाजीबाजारातला सडका माल आणि मंगल कार्यालयातलं उष्टं गावाबाहेरच्या उकिरड्यावर पडायचं आणि तिथं बारा महिने धुमसत राहायचं. अस्मितानं मोंढ्यामागं एक मोठी टाकी उभी केली. ओला कचरा तिच्यात कुजवायचा, त्याचा गॅस फुग्यात धरायचा आणि नळीनं आसपासच्या हॉटेलांना द्यायचा.

हॉटेलवाल्यांनी हात जोडले. कचऱ्याच्या गॅसवरचा चहा कोण पिईल, असं त्यांचं म्हणणं होतं. मग अस्मिता नागूबाईंकडं आली. तिनं नीट समजावून सांगितलं. उकिरडा कुजला की त्यातून आपोआप गॅस निघतो, वर जातो आणि हवा तापवतो. तोच गॅस पकडून जाळला तर हवेचा नासही टळतो आणि चुलीतलं लाकूडही वाचतं. "गाव लहान आहे काकू," ती म्हणाली, "पण आभाळ सगळ्यांचं एकच आहे."

नागूबाईंना त्यातलं निम्मं कळलं. त्यांनी एकच विचारलं, "धूर न्हाय ना?"

"अजिबात नाही."

"मग जोड."

पहिले चार दिवस गमतीत गेले. भाकरी जमू लागली, टम्म फुगू लागली. गिऱ्हाइकंही हसत का होईना, जेवू लागली. पण मग कल्याणप्पा आले.

कल्याणप्पा मोंढ्यातले जुने आडते होते. आडतीच्या दुकानामागच्या खोलीत ते रोज शिवपूजा करत, कपाळाला भस्म लावत आणि मग नागूबाईंकडं जेवायला येत. त्यांच्यासाठी कोपऱ्यातला पाट धुऊन ठेवलेला असे. मोंढ्यात त्यांच्या शब्दाला वजन होतं, आणि ते शब्द कमीच वापरत. त्या दिवशी ते दारातच थांबले. शेगडीकडं पाहिलं आणि विचारलं, हा जाळ कशाचा? नागूबाईंनी खरं ते सांगितलं. कल्याणप्पांनी खांद्यावरचं उपरणं सावरलं. "नागूबाई, तुमच्यावर राग न्हाय माझा," ते म्हणाले, "पर पूजा करून आल्यावर मला हे चालायचं न्हाय." चपला न काढताच ते परत फिरले.

ही गोष्ट दुपारपर्यंत मोंढाभर झाली. दुसऱ्या दिवशी निम्मे पाट रिकामे राहिले, आठवड्यात उरलेलेही रिकामे झाले. कुणी तिला कचराखानावळ म्हणायला लागलं. संध्याकाळी उरलेल्या भाकऱ्यांची चळत बघून शिवानीच्या डोळ्यांत पाणी यायचं. तिला सातवा महिना लागला होता. अस्मिताचंही तोंड उतरलं होतं. गॅस तयार होत होता आणि घेणारं कुणी नव्हतं. टाकी अशीच पडून राहणार असेल तर दिवाळीनंतर ती दुसऱ्या गावाला द्यावी, अशी वरून विचारणा झाली होती.

शेवटी शिवानीच म्हणाली, "आत्याबाई, चूल पेटवू या. लोकास्नी न्हाय आवडत तर कशाला?"

नागूबाईंनी रात्रीच लाकडं आत आणून ठेवली. दुसऱ्या दिवशी त्यांनी चूल पेटवली. लाकडं जरा दमट होती. धुराचा लोट बाहेर गेला आणि मोंढ्याला निरोप पोचला. दुपारी खानावळ गच्च भरली. बसप्पानं जास्तीची भाकरी मागून घेतली आणि म्हणाला, मावशी, ह्या चवीला तोड न्हाय. नागूबाईंना बरं वाटलं. बरं वाटत असतानाच त्यांना मागून खोकल्याचा आवाज आला. शिवानी पीठ मळता मळता खोकत होती. खोकला थांबेना. ती पोट दोन्ही हातांनी धरून भिंतीला टेकली आणि हळूहळू खाली बसली. डोळे लालबुंद झाले होते.

नागूबाईंनी तिला उचलून बाहेर लिंबाखाली नेलं, पाणी पाजलं, पाठ चोळली. तिचा श्वास जागेवर आल्यावर त्या आत आल्या आणि आमटी वाढायची सोडून पाण्याची घागर उचलून चुलीत ओतली. चर्रर्र आवाज झाला आणि सगळी खानावळ राखेनं भरून गेली.

"म्या खोकले ते खोकले," त्या ताटावर बसलेल्यांना म्हणाल्या. "तिच्या पोटातल्यानं कशाला खोकायचं? ज्याला खायाचं त्यानं निळ्या जाळावरचं खावा. ज्याला न्हाय त्यानं न्हाय."

बसप्पानं उरलेली भाकरी खाली मान घालून संपवली.

तसल्याच राखेच्या अंगानं नागूबाई कल्याणप्पांच्या आडतीवर गेल्या. भांडायला नव्हे. जेवायला या, असंही त्या म्हणाल्या नाहीत. त्यांनी घडलेलं सांगितलं आणि एवढंच मागितलं, की आप्पांनी एकदा ती टाकी डोळ्यांनी बघावी. बघून नको वाटलं तर त्या पुन्हा विषय काढणार नाहीत. कल्याणप्पांनी त्यांच्या केसांतल्या राखेकडं पाहिलं, सुनेची तब्येत विचारली आणि खांद्यावर उपरणं टाकून उठले.

अस्मिता टाकीपाशीच होती. कल्याणप्पांना येताना पाहून ती गडबडली, पण मग तिनं सगळं दाखवलं. इथं माल निवडतात, इथं बारीक करतात, इथून आत सोडतात. कोबीचा पाला, केळीच्या साली, नासलेले टोमॅटो, कार्यालयातला भात. कल्याणप्पा उपरणं नाकाला लावून ऐकत होते. एका बाजूला धुतलेल्या पाट्यांमध्ये वेगळा ढीग होता. त्याच्यापाशी ते थांबले.

"ही बेलाची पानं कुठली?"

अस्मितानं सांगितलं, महादेवाच्या देवळातली. उन्हाळ्यात देवळाची विहीर उपसली तेव्हापासून निर्माल्य विहिरीत टाकायचं बंद झालं होतं. ते आता रोज सकाळी इथं येतं. पुजाऱ्यांनी विनंती केली होती, म्हणून ते उष्ट्यात मिसळत नाहीत. वेगळं ठेवतात आणि सगळ्यात आधी टाकीत सोडतात.

विहीर उपसायला पुढाकार कल्याणप्पांचाच होता. निर्माल्य पाण्यात कुजू नये, हे त्यांनीच देवळात सर्वांना बजावलं होतं. पण मग ते जातं कुठं, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. ते वाकले. एक बेलपान उचलून त्यांनी कपाळाला लावलं आणि पुन्हा पाटीत ठेवलं. मग नाकावरचं उपरणं काढलं, दोन पावलं मागं गेले आणि चपला काढल्या.

अस्मितानं नागूबाईंकडं पाहिलं. नागूबाईंनीही चपला काढल्या. मग अस्मितानं घाईघाईनं आपल्या बुटांचे बंद सोडले. कचऱ्याच्या टाकीपुढं तिघं अनवाणी उभी होती. माल निवडणाऱ्या बायकांनी हे पाहिलं आणि काय करावं न कळून त्याही हात धुऊन बाजूला उभ्या राहिल्या.

"म्या समजत हुतो, हितं नुसती घाण शिजते," कल्याणप्पा म्हणाले.

"घाण हायच की आप्पा. पर कालपत्तूर ती तुमच्या-आमच्या ताटात हुती. काही देवाम्होरं हुती."

कल्याणप्पा हसले. ते हसतात हे मोंढ्यात फार कमी लोकांना ठाऊक होतं. "उद्या दुपारी पाट मांडा माझा," ते म्हणाले. "आन्‌ भाकरी करपवू नका म्हंजे झालं."

दुसऱ्या दिवशी कल्याणप्पा पूजा करून, भस्म लावून आले आणि कोपऱ्यातल्या पाटावर बसले. खानावळीबाहेर गर्दी जमली होती. ते सावकाश जेवले, ताक प्याले, हात धुतले आणि जाता जाता बसप्पाला म्हणाले, चांगली फुगते की रे भाकरी. एवढंच. पण तेवढं पुष्कळ झालं.

त्यानंतरचे दिवस नागूबाईंना सणासारखे गेले. कल्याणप्पांच्या पत्नी गौराबाई सकाळी देवपूजेची फुलं आणि भाजीची देठं घेऊन स्वतः टाकीपाशी गेल्या. मग त्यांच्या आळीतल्या बायका, मग दुसऱ्या आळीतल्या. घंटागाडीत ओला कचरा वेगळा येऊ लागला. जेवताना लोक चढाओढ लावू लागले. बसप्पा शेगडीकडं बोट दाखवून सांगायचा, आज जाळ चांगला हाय, आमच्या घरची वांगी गेलीत त्यात. जी हॉटेलं हात जोडत होती, त्यांनी एकामागून एक नळ्या मागितल्या आणि गॅस पुरेना. टाकी दुसऱ्या गावाला देण्याऐवजी शेजारी दुसरी बांधायला काढली. टाकीत उरलेलं काळं पाणी शेतकरी खत म्हणून ड्रमनं नेऊ लागले. गावाबाहेरचा उकिरडा धुमसायचा थांबला. तिकडून शाळेला जाणाऱ्या पोरींनी नाकाला रुमाल बांधणं सोडून दिलं. अस्मिता स्कुटीवरून जाताना उगाचच हॉर्न वाजवायची.

शिवानीला मुलगी झाली. ठणठणीत, मोठ्या आवाजाची. नाव ठेवलं जाई. दुसरी टाकी सुरू व्हायचा मुहूर्त आणि बारसं एकाच दिवशी आलं. नागूबाईंनी अख्ख्या मोंढ्याला जेवण सांगितलं. कुमारनं आदल्या दिवशी खानावळीच्या भिंती खरवडून चुना लावला होता. आतून ती एवढी उजळली, की बसप्पा दारात थांबून म्हणाला, चुकून दुसरीकडं आलो काय.

नागूबाई स्वयंपाकाला आल्या त्या मोतिया रंगाचं इरकल नेसून. काठ लाल होते आणि घड्यांच्या रेषा कापडात खोल बसल्या होत्या. शिवानी बाळाला घेऊन बसली होती, ती बघतच राहिली.

"हे लुगडं कवा घेतलं, आत्याबाई?"

"तुझ्या सासऱ्यानं आनलं हुतं सोलापूरवरनं. त्येला लई आवडायचा ह्यो रंग."

"मग कवा नेसला का न्हाय?"

"चुलीम्होरं असलं लुगडं कसं नेसायचं गं? म्हनलं, चुलीचं काम संपलं की नेसीन." त्या जरा थांबल्या. "त्येनं बघितलंच न्हाय."

बाहेर अस्मिता आणि गौराबाई पाळण्याला झेंडूची माळ बांधत होत्या. कल्याणप्पा पाटावर येऊन बसले होते आणि हुग्गी झाली का विचारत होते. नागूबाईंनी शेगडीची चावी फिरवली, काडी लावली, पदर खोचला आणि परातीतला गोळा हातावर घेऊन थापायला सुरुवात केली. दोन्ही हातांखाली भाकरी गोल गोल मोठी होत गेली. पीठ उडून लुगड्यावर पडलं, पण त्या रंगावर ते दिसलंही नाही.