रांजणाखालची बाटली

गावातलं देशी दारूचं दुकान राहावं की जावं, यावर बायकांचं मतदान फेब्रुवारीतल्या शेवटच्या रविवारी ठरलं. चिठ्ठीवर दोन चित्रं असणार होती, एक उभी बाटली, एक आडवी. उभीवर शिक्का मारला तर दुकान चालू, आडवीवर मारला तर बंद. अट अशी होती की नुसत्या मतदानाला आलेल्या बायकांच्या नव्हे, तर यादीतल्या सगळ्या बायकांच्या निम्म्याहून जास्त मतं आडवीला पडली पाहिजेत. जी येणार नाही ती आपोआप दुकानाच्या बाजूची. गावातल्या बऱ्याच बायका ऊसतोडीला गेल्या होत्या आणि त्यांचीही नावं यादीत होती.

म्हणून मालनबाई एकेका घराचा उंबरठा दोनदा-तीनदा झिजवत होती. तिचा नवरा मुंजाजी याच दुकानाचं पिऊन, पोट फुगून मेला होता. तो नाक दाबून घोट घ्यायचा आणि वर चिमूटभर मीठ चाटायचा. तीस वर्षं तिनं ते पाहिलं होतं. बरोबर तिची सून राणी असे. राणी अंगणवाडी सेविका होती. लेकरांच्या आया तिचं ऐकत. मालनबाई दारात उभी राहून रडवेली होई. नियम समजावून सांगण्याचं आणि अंगठा कुठं, शिक्का कुठं हे दाखवण्याचं काम राणीचं.

मुंजाजीच्या मातीवरून आल्यावर मालनबाईनं मुलाकडून, प्रेमानंदकडून, वचन घेतलं होतं की तो दारूला हात लावणार नाही. प्रेमानंद आता नाशिककडं नोकरीला होता. मालनबाई सगळ्यांना सांगे, "माझं पोरगं द्राक्षाच्या कंपनीत हाय."

ते खोटं नव्हतं, अर्धं होतं. कंपनी वाईनची होती आणि प्रेमानंद बाटल्या भरायच्या मशीनवर होता. लेबल वाकडं बसलेल्या बाटल्या कामगारांना स्वस्तात मिळत. दोन-तीन महिन्यांनी घरी येताना तो पिशवीत कपड्यांच्या खाली एक घेऊन येई.

पहिली त्यानं आणली तेव्हा वर्षावास चालू होता. मालनबाई संध्याकाळी ग्रंथवाचनाला विहारात जायची आणि दीड-दोन तासांनी परतायची. तेवढ्यात त्यानं ती उघडली, लाल होती. राणीनं स्टीलच्या पेल्यातून एक घोट घेतला आणि मोरीत थुंकला. कच्च्या जांभळानं तोंड आवळतं तसं झालं होतं.

"बराबर," प्रेमानंद हसला. "आमचे साहेब लोक बी तोंडात घोळवून थुंकतेत."

"थुंकायचीच, तर घ्यायची काहून?"

पुढच्या खेपेला गुलाबी आली. ती लग्नातल्या सरबतासारखी गोड होती. दोन घोटांत तिला कंटाळा आला. मग एक फेसाची आली, तिच्यामुळं नाकात मुंग्या आल्या आणि दोघं उचक्या देत हसत बसले. दुसऱ्या वर्षी त्यानं पांढरी आणली. त्या दिवशी बाळापूरच्या बाजारात सिद्धेश्वरच्या धरणाची मासळी आली होती आणि राणीनं ती तव्यावर तळली होती. पहिल्या घोटाला ती थांबली. पेल्यात पुन्हा नाक घातलं. अर्धकच्चा पेरू कापल्यावर येतो तसा वास होता, आणि चव आंबट, स्वच्छ. मासळीचं तेल जिभेवरून धुऊन निघालं. तिनं अर्धा पेला संपवला आणि पालथा घातला. दुसरा घेतला नाही. पण नंतर फोनवर तीच म्हणाली, "येताना ती पेरूची आणा."

लाल तिनं आणखी एकदा घेऊन पाहिली, मटणाच्या रश्शाबरोबर. या वेळी वाईट लागली नाही. तरी आवडती ती पांढरीच. आपल्याला अमुक एक आवडतं आणि अमुक नाही, हे इतकं ठामपणे तिनं कधी कशाबद्दल म्हटलं नव्हतं. साड्या सासू निवडत होती, भाजी बाजार.

पौर्णिमेला विहारात मालनबाई सगळ्यांकडून पंचशील म्हणून घेई. नशेपासून दूर राहण्याच्या पाचव्या शीलाला राणीचे ओठ हलत, आवाज निघत नसे.

संक्रांतीला आणलेली पांढरी बाटली अजून उघडायची होती. मालनबाई तेव्हा घर सोडून कुठं गेलीच नाही, आणि प्रेमानंद सुट्टी संपवून परत गेला. राणीनं ती रांजणाखालच्या ओल्या वाळूत पुरून ठेवली होती. तिथं गारवा असे. बुचाची बाटली आडवी ठेवायची, उभी ठेवली तर बूच सुकतं, असं प्रेमानंदनं सांगितलं होतं.

मतदानाच्या आधीच्या शुक्रवारी मालनबाई गिरणीवर दळण घेऊन गेली. बायकांची रांग होती. तिथं जळबा आला. दुकानाचे मालक हिंगोलीत राहत, गल्ल्यावर जळबा बसे.

"मावशी, बंदच करनार म्हना आमचं दुकान."

"तुझं कुठलं रे? तू तर नोकर."

"नोकरच हाव. तुमचा प्रेमानंद बी नोकरच हाय की. दोघं एकाच धंद्यातले आमी."

"त्याचं नाव घेऊ नको. द्राक्षाच्या कंपनीत हाय तो."

"द्राक्षाचीच हाय, न्हाई कोन म्हनतं? पन तिथं द्राक्षाचं काय करतेत, मनुके?" जळबानं रांगेकडं पाहिलं. "माझा साडू टेम्पो घेऊन जातो तिथं. वाईन हाय ती मावशी. तो भरून राहिला ते चांगलं अन् मी इकून राहिलो ते वाईट? संक्रांतीला आला तवा पिशवीत काय व्हतं, ते सुनंला इचारा."

कुणीतरी फिस्सकन हसलं. रांगेत शालूबाई होती. तिचा नवरा दुकानाचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. ती हसली नाही. मालनबाईकडं बघत राहिली.

राणी अंगणवाडीतून आली तेव्हा मालनबाई उंबऱ्यात बसली होती.

"दळण?"

"ऱ्हायलं गिरणीत." मालनबाईनं वर पाहिलं. "प्रेमानंद बाटलीत काय भरतो?"

या प्रश्नाचं उत्तर प्रेमानंदनं दोन वर्षांपूर्वीच तयार करून ठेवलं होतं. सरबत, म्हणायचं. राणीच्या ते तोंडाशी आलं.

"वाईन," ती म्हणाली.

"म्हंजे दारू."

"व्हय."

"घरात हाय?"

राणी रांजणाजवळ गेली, वाळू बाजूला केली आणि बाटली काढून पदरानं पुसून समोर ठेवली. मालनबाईनं तिला हात लावला नाही.

"त्यानं पाजली तुला?" तिचा आवाज एकदम मऊ झाला. "पाजली असंल तर सांग. बाईमाणसाला नवऱ्यापुढं काय करता येतं? मी बोलते त्याला."

वाट दाखवली होती. त्या वाटेनं गेलं असतं तर सगळं प्रेमानंदवर जाऊन संपलं असतं.

"पयल्यांदा त्यांनी दिली. पन जबरदस्ती न्हाई केली, आत्याबाई. मला आवडती."

"काय आवडतं?"

"चव."

मालनबाईला दुःखानं पिणारे माहीत होते. अंग दुखतं म्हणून पिणारे, सोबतीनं पिणारे, सवयीनं पिणारे सगळे माहीत होते. चवीसाठी पिणारं माणूस तिनं पाहिलं नव्हतं. तिला ते पटलं नाही की समजलं नाही, हे तिच्या चेहऱ्यावरून कळेना.

"सांड ती," ती म्हणाली, आणि स्वतःच सुरी घेऊन बुचाशी झटू लागली. बूच वरून कुरतडलं गेलं, निघेना. दोन-तीनदा सुरी निसटली. शेवटी राणीनं बाटली तिच्या हातातून घेतली, पत्र्याच्या पेटीतून प्रेमानंदचा बूच काढायचा स्क्रू आणला, चार वेढे दिले आणि बूच एका दमात ओढून काढलं.

मालनबाई तिच्या मनगटाकडं बघत होती.

"हात बसलाय तुझा."

बाटली समोर आली तेव्हा मालनबाईला जेवढं लागलं नव्हतं, तेवढं हे लागलं. राणीनं मान खाली घालून बाटली मोरीत उपडी केली. मालनबाईनं सवयीनं पदर नाकाला लावला. थोड्या वेळानं तो खाली घेतला.

"हा कशाचा वास येऊन राहिला?"

"पेरूवानी वास असतो तिला."

"पेरू टाकतेत?"

"न्हाई. द्राक्षाचाच तसा असतो."

मालनबाईनं मोरीत दोन घागरी पाणी ओतलं. मग म्हणाली, "रविवारपर्यंत कोनाला बोलायचं न्हाई. कोनी इचारलं तर जळबा खोटा, एवढंच म्हनायचं."

"आत्याबाई, खोटं बोलू नये म्हनून तुमीच..."

"मला शील शिकवू नको. दुकान बंद हुदे आधी."

शनिवारी अंगणवाडी सुटल्यावर शालूबाई आली. लेकराला घ्यायला आली असं दाखवलं, पण लेकरू अंगणात खेळत होतं आणि ती आत बसली.

"राणीताई, आमच्या मानसानं सांगून ठिवलंय, उद्या शाळंकडं गेलीस तर पाय मोडीन. मी म्हनलं, मोड. जानार. आमच्या गल्लीतल्या समद्याजनी माज्यासंगं येनार हायत." ती थांबली. "जळबा म्हनतो तुमच्या घरी बाटली हाय. तू बी पितीस. खोटा हाय ना त्यो?"

भिंतीवर आंबा, बदक, कमळ अशी चित्रं होती. राणीनं त्यांच्याकडं पाहिलं. जळबा खोटा, एवढंच म्हणायचं होतं.

"खरं हाय," ती म्हणाली. "काल सांडली. पन व्हती. अन् पितच व्हते."

"किती?"

"दोन-तीन म्हैन्याला एकदा. अर्धा पेला."

"अन् मंग?"

"मंग काय न्हाई. भांडे घासायचे, झोपायचं."

शालूबाईला हसू आलं, आणि ते लगेच गेलं. "अर्धा पेला! आमच्या मानसाला कोनी अर्ध्या पेल्यावर थांबिवलं असतं तर देवच म्हनलं असतं त्याला." तिनं नाकाची चमकी फिरवली. "म्हंजे तुज्या घरची चांगली अन् माज्या घरची वाईट. असंच ना?"

याचं उत्तर राणीनं आजवर शोधलं नव्हतं.

"दुकान बंद व्हावं असं मला खरंच वाटतं, शालूबाई."

"वाटत असंल. पाय माजा मोडनार हाय." ती उठली आणि लेकराला दंडाला धरून घेऊन गेली.

रविवारी शाळेत मतदान झालं. राणी सकाळपासून शाळेच्या फाटकाजवळच्या कडुलिंबाखाली बसून होती. सकाळी रांग होती, दुपारी ओसरली. शालूबाईच्या गल्लीतल्या बायका आल्या नाहीत. तीननंतर राणीनं येणाऱ्यांकडं बघणं सोडलं आणि मान खाली घातली. मालनबाई उन्हात घरोघर फिरून आली आणि बसलेला घसा घेऊन ओट्यावर बसली. संध्याकाळी मोजणी झाली. आडवी बाटली पुढं होती, खूप पुढं होती, पण निम्म्याला अकरा मतं कमी पडली. दुकान राहिलं. जळबानं पारावर पेढे वाटले.

ऊसतोडीला गेलेल्या बायकांमुळं अकरा कमी पडली की शुक्रवारच्या बोलण्यामुळं, की शनिवारच्या, याचा हिशोब कुणाला लागणार नव्हता. मालनबाईनं मात्र तो लावला होता; शनिवारचं बोलणं तिला घरोघर फिरताना कळलं होतं.

"खोटं बोलली असतीस तर?" चुलीपुढं बसून ती म्हणाली.

"मला म्हाईत न्हाई, आत्याबाई."

"मला म्हाईत हाय."

त्यानंतर त्या दोघी भाकरी, पाणी, गाय एवढ्याच गोष्टींवर बोलल्या.

सोमवारी शालूबाई लेकराला सोडायला आली. खालचा ओठ सुजलेला होता. पदर तिनं दातांत धरला होता.

"मी आले व्हते काल," ती म्हणाली. "शेवटाला. तू पाह्यलं न्हाईस, खाली मान घालून बसली व्हतीस. आडवीवरच मारला."

"अन् बाकीच्या?"

"बाकीच्यांला मी सांगितलं की राणीताई माज्यासंगं खरं बोलली, लपवलं न्हाई तिनं. त्या म्हनल्या, खऱ्याचं काय करायचं? एकीकून वाईन, एकीकून शिक्का, आमाला वेड्यात काढून राहिले." तिनं ओठ चाचपला. "वर्षानं पुन्हा करता येतं म्हनं."

"म्हनतेत तसं."

"मंग त्या टायमाला पयल्याच दिवशी सांग. समद्यांपुढं. जळबाच्या आधी." ती दारापर्यंत गेली आणि वळली. "अन् तवर पिऊ नको असं मी म्हननार न्हाई. तुजं तू बघ. पन लपवू नको."

संध्याकाळी प्रेमानंदचा फोन आला. तो कामावर होता, पाळी चालू होती. मालनबाई अंगणात रांजण घासत होती. खालची वाळू तिनं सगळी काढून उकिरड्यावर टाकली होती आणि रांजणासाठी लोखंडी तिवई मागवली होती. राणीचं बोलणं तिला ऐकू जात होतं.

"होळीला येतो," तो म्हणाला. "या खेपंला कंपनीवाले दोन देतो म्हनले. पेरूचीच आणू ना?"

तिच्या तोंडात ती चव आली, मासळीसकट. ती गेली नव्हती.

"काही आणू नका. तुमी या. आत्याबाईला तुमी सोताच सांगायचं."

"तू सांगितलंस म्हनं समदं. जळबाचा साडू बोलला."

"मी माजं सांगितलं. तुमी वचन दिलं व्हतं, त्याचं काय झालं ते तुमी सांगायचं. तिच्यापुढं बसून."

अंगणातला घासण्याचा आवाज थांबला.

फोनमधून, पलीकडं प्रेमानंदच्या मशीनच्या पट्ट्यावरून बाटल्या एकमेकींना लागत पुढं सरकत होत्या, तेवढंच ऐकू येत होतं.