कुर्ली छाप

मित्रांनो, मी एक जुना लाकडी ठसा आहे. जन्मतःच उलटा, पण कागदावर मी नेहमी सुलटंच बोललो. माणसांचं बरेचदा याच्या विरुद्ध असतं.

मालवणात हौसाबाई सोलं, म्हणजे आमसुलं, विकायची. शेजारच्या भिकाजी चिताऱ्यानं १९५२ साली आपल्याच हौसेनं मला कोरलं. नांगीत सोल धरलेली कुर्ली, म्हणजे खेकडा!

"सोलांवर कुर्ली कित्याक रे?" हौसाबाई हसली.

"कुर्ली धरलेला सोडणा नाय. गिऱ्हाईक तसाच धर गो!"

देवळात नारळ ठेवून भिकाजीनं गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, ही कुर्ली आजपासून हौसाबायची!" जमलेला गाव म्हणाला, "होय म्हाराजा!" झाली नोंदणी.

नऊ वर्षं मी पुड्यांवर उमटलो. शिरोड्यापर्यंत लोक 'कुर्लीची सोलां' मागत. काय दिवस होते ते! मग बाजारातल्या गणपतशेट व्यापाऱ्यानं हुबेहूब माझीच कुर्ली छापली आणि आत मिठानं जड केलेली सोलं भरली. शिव्या मात्र हौसाबाईला.

ती वकिलांकडे गेली. "कागद?" त्यांनी विचारलं.

"कागद कित्याक? गाऱ्हाणा घातलेला आसा!"

"बाई, देवाची सही कुठून आणू? चित्र भिकाजीनं काढलं, म्हणजे कायद्यानं त्याचंच. तुम्हाला दिलं, हे त्यानं लिहून द्यायला हवं."

वकिलांनी मजकूर लिहून दिला. मला पदरात गुंडाळून हौसाबाई धावली. पाहते तर भिकाजीच्या ओटीवर गणपतशेट आधीच कागद घेऊन हजर.

"कुर्ली माझ्या नावान कर, भिकाजी. पावसाआधी तुज्या घरार नवी कौलां चढवतंय."

भिकाजीनं गळक्या छपराकडे पाहिलं. मग माझ्याकडे. माझ्या लाकडाला घाम फुटायचा बाकी होता.

"कौलां बरी आसत, शेटानू. पण जी कुर्ली माझी नाय, ती तुमका कशी देतलंय?"

त्यानं हौसाबाईच्या कागदावर सही केली. वकिलांची नोटीस गेली आणि गणपतशेटची कुर्ली बिळात शिरली. त्या पावसात भिकाजीचं घर गळलं ते गळलंच. शेवटी हौसाबाईनं आपल्या पडवीची कौलं काढून त्याच्या छपरावर चढवली.

आता पुडे छापखान्यातून येतात. मी माळ्यावर, त्याच कागदात गुंडाळलेला असतो. मित्रांनो, कुणाच्या हातची कला घ्याल तर त्याला विचारून घ्या, आणि दिलेलं लिहूनही ठेवा. देव सगळीकडे असतो. भिकाजी सगळीकडे नसतो.

वाळवीनं माझी एक नांगी खाल्ली आहे. दुसरीतलं सोल मात्र मी अजून सोडलेलं नाही.